दोन्हीला चालेल अशी बग्गी

१९ फेब्रुवारी १९९६, सोमवार. दुपारी ३.

वीरूचा दहावा उरकला. वीरू म्हणजे माझा धाकटा भाऊ वीरधवल. वहीला हे सांगायची गरज नाही, पण रेकॉर्ड स्वच्छ असावं. फौजेत मेकॅनिक, हुद्दा नाईक, वय एकोणतीस, लग्न व्हायचं होतं. दोन महिन्यांच्या सुट्टीवर सांगलीला आला आणि आठ दिवसांच्या काविळीत गेला.

घाटावर पिंड ठेवून दीड तास झाला तरी कावळा शिवेना. पिंपळावर तीसेक बसले होते, एक खाली येईल तर शपथ. लोक कुजबुजायला लागले, इच्छा राहिलीय. मामा म्हणाले, आईला सांभाळू. नाही. चुलते म्हणाले, तुझा वाटा कुणी खाणार नाही. नाही. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

काय राहिलंय ते मला माहीत होतं. जैसलमेरकडं एका गोऱ्याची गाडी वीरूनं वेल्डिंग करून दिली होती. तीन चाकांची, बुटकी, बिनइंजिनाची. माणूस पाय पुढं सोडून बसतो, पुढचं चाक पायानं वळवतो आणि हातात चादरीएवढा पतंग धरतो. पतंग ओढतो, गाडी पळते. काइट बग्गी म्हणतात तिला. गोऱ्यानं खूश होऊन याला एक चक्कर मारू दिली, जाताना जुना पतंग आणि कॅटलॉग दिला. तेव्हापासून याच्या डोक्यात दुसरं काही नाही. या सुट्टीत तीनदा म्हणाला, दादा, आपण बग्गी करू, साताऱ्याच्या पठारावर जाऊ. मी तीनदा बघू म्हणालो. बघू म्हणजे नाही नव्हे. आमच्या पाटबंधारे ऑफिसात बघू म्हणजे प्रकरण विचाराधीन.

तर घसा खाकरून म्हणालो, वीरू, बग्गी करतो. कावळा ढिम्म. रेसिंगची करतो. ढिम्म. त्याला गिरक्या आणि उड्याही मारायच्या होत्या, कॅटलॉगात त्याला फ्रीस्टाइल म्हणतात, म्हणून म्हणालो, फ्रीस्टाइलची करतो. ढिम्म. अनवाणी पाय, दगड तापलेले. शेवटी ओरडलोच की दोन्हीला चालेल अशी करतो, वर्षाच्या आत, आणि मी स्वतः चालवतो! आला की हो. नुसता शिवला नाही, भाताचा गोळाच उचलून नेला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आई पदर तोंडाला लावून काहीतरी पुटपुटत होती, तीही थांबली.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ऊन फार होतं, एवढंच. पण शब्द म्हणजे शब्द.

२२ फेब्रुवारी.

काम पद्धतशीर करायचं. ऑफिसात पंधरा वर्षं टेंडरचे तुलनात्मक तक्ते केलेत, बग्गी काय चीज आहे! तक्ता केला.

रेसिंगची: लांब, रुंद, जड, जमिनीलगत. वेगात हलत नाही. वळायला अर्धा एकर लागतो.
फ्रीस्टाइलची: आखूड, अरुंद, हलकी. जागच्या जागी गिरकी घेते. वेगात उलटते.

निष्कर्ष: अधिक माहिती आवश्यक.

५ मार्च. सकाळी ६.

साडेपाचला गच्चीत फौजी बुटांचा आवाज. वीरू सुट्टीतसुद्धा साडेपाचला गच्चीत पीटी करायचा, तसा. एक-दो, एक-दो. संयोगिता शेजारी गाढ झोपलेली. बायकोला उठवलं नाही, उगीच घाबरली असती.

कारण शोधलं. पाण्याची टाकी. उजाडताना पत्रा प्रसरण पावतो. वर जाऊन बघायची गरज वाटली नाही.

२० मार्च. पाडवा.

यंदा गुढी नाही. संकल्पाला मात्र मनाई नाही. १. वजन ८४ वरून ७०. २. रोज पतंगाचा सराव. ३. मेअखेर बग्गीची निवड अंतिम. ४. टाकीचा पत्रा बदलणे.

आईनं शेवया केल्या होत्या. दोन वाट्या. संकल्प १ उद्यापासून.

३१ मार्च, रविवार.

सराव केला. पतंग पोत्यातून काढून गावाबाहेरच्या माळावर नेला. चार दोऱ्या, दोन दांड्या. कॅटलॉगात लिहिलंय, नवख्यानं हलक्या वाऱ्यात उडवावा. मी नवखा नाही, लहानपणी नागपंचमीला गल्लीत माझा पतंग कुणी काटत नसे. खरं तर वीरू उडवायचा, मी मांजाची आसारी धरायचो, पण टीमवर्क.

पतंग वर गेला आणि मी आडवा. माळ संपल्यावर कुणाचं तरी खळं होतं, शिजवलेली हळद वाळत घातलेली. तिच्यातून मी पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. खळ्याच्या मालकीणबाईंनी जे शब्द वापरले ते इथं लिहीत नाही. माझ्या आजोबांपर्यंत पोचल्या होत्या.

तसाच घरी आलो. आईनं दार उघडलं आणि तिथंच खाली बसली. मला कळेना. मग आरशात बघितलं. चेहरा पिवळा, मान पिवळी, नखं पिवळी. शेवटच्या दिवशी वीरू असाच दिसत होता.

डोळे बघितले. पांढरेच होते. तीनदा बघितले. साबणानं पाच वेळा अंघोळ केली. हळद जात नाही लवकर.

१४ एप्रिल.

कुपवाडला बिराप्पाकडं गेलो. याच्या शेडमध्ये उसाच्या ट्रॉल्या बनतात. माणूस जतकडचा, हात सोन्याचा, तोंड तिखट. कॅटलॉग बघून म्हणाला, व्हय की, स्कूटरची चाकं लावू, आठ दिवसांत करून देतो. लांब का आखूड येवढंच सांगा.

म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, आवं सायेब, बैल एक तर शर्यतीचा असतोय न्हाईतर नांगराचा. म्हटलं, तुला विषयाची व्याप्ती समजलेली नाही. तो म्हणाला, मला लांबी समजली तरी बास.

विचार करून कळवतो म्हणालो.

६ मे.

वीरूचा कल घ्यायचं ठरवलं. अंधश्रद्धा नाही, ज्याची बग्गी त्याचं मत घेणं ही साधी सभ्यता. गच्चीच्या कठड्यावर कॅटलॉगची दोन पानं दगडाखाली ठेवली, डावीकडं रेसिंग, उजवीकडं फ्रीस्टाइल, दोन्हीवर भाताची मूद. एक पायानं अधू कावळा हल्ली रोज येतो. तो आला, दोन्ही मुदी खाल्ल्या आणि मधोमध घाण करून गेला.

म्हणजे दोन्ही. मागणी कायम आहे.

१८ जून.

आनंदाची बातमी. गुरुजींना वर्षश्राद्धाची तिथी विचारायला गेलो. यंदा आषाढ अधिक! वर्ष तेरा महिन्यांचं. माघ वद्य षष्ठी येतेय थेट २८ फेब्रुवारीला. काहीही न करता महिन्याची मुदतवाढ मिळाली. शासनसुद्धा इतकं उदार नसतं.

घरी येऊन वीरूला सांगितलं. मोठ्यानं बोलायची गरज नसते, नुसतं मनात म्हटलं तरी पुरतं. त्याला पटलं असावं. माळ्यावरचं पोतं जरा हललं.

९ जुलै.

पाऊस. माळ्यावरच्या पोत्यातला पतंग श्वास घेतो. मी शिडी लावून अर्धा तास बघितलं. पोतं फुगतं, बसतं. माळ्याला खिडकी नाही. दमट हवेत कापड फुगतं, हे कुठंतरी वाचलंय.

शिडीवर बसल्या बसल्या बोलणं झालं. मी रेसिंगच्या बाजूनं बोललो, तो फ्रीस्टाइलच्या. तो जिवंत असताना इतका वेळ आम्ही कधी बोललो नव्हतो. मग मी बाजू बदलली, तर त्यानंही बदलली. पहिल्यापासून तसलाच आहे गडी, हट्टी.

१९ ऑगस्ट. नागपंचमी.

अख्ख्या सांगलीवर पतंग. खिडकी लावून घेतली. संयोगितानं विचारलं, डोळे का लाल झालेत. चुलीचा धूर म्हणालो. आमच्याकडं गॅस आहे.

८ सप्टेंबर.

घरात कटकट. विषय: दुसरा कप. मी सकाळी साडेपाचला चहा करतो, एक माझा, एक गच्चीच्या पायरीवर ठेवतो. टाकी वाजायची थांबते आणि मग आम्ही बसतो. संयोगिता म्हणते, मुंग्या होतात. मुंग्या हे निमित्त आहे. म्हणाली, अहो, त्या बिराप्पाला एकदाचं काय ते सांगा, गाडी करा, चालवा आणि भावजींना मोकळं करा. तेही सुटतील, तुम्हीही सुटाल.

मी इतका चिडलो की आवाज ऐकून आई बाहेर आली. सुटायचं काय आहे त्यात? तो काय अडकलाय? निवड महत्त्वाची आहे. घाईत चुकीची बग्गी घेतली तर कोण जबाबदार?

आई माझ्याकडं नुसती बघत राहिली आणि मग पायरीवरचा कप स्वतः विसळायला घेऊन गेली.

१० नोव्हेंबर. रात्र न झोपता गेली, पण सार्थकी लागली.

युरेका! एका पाइपात दुसरा पाइप. मागचा ॲक्सल ओढला की रुंद, ढकलला की अरुंद. मधला दांडाही तसाच. जागोजागी भोकं पाडायची, भोकात पिन घातली की ती लांबी पक्की. एकूण नऊ भोकं. एक टोक रेसिंग, दुसरं टोक फ्रीस्टाइल. जगात कुणाला सुचलं नसेल. गोऱ्याला पत्र लिहिलं असतं, पत्ता नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार.

बिराप्पाला नकाशा दाखवला. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, हुतंय की. पण कंच्या भोकात पिन घालायची ते कोण ठरवणार? म्हटलं, जागेवर, वारा बघून, मी. म्हणाला, लय अवघड हाय तुमचं.

हा माणूस ट्रॉल्याच करणार आयुष्यभर.

१९ डिसेंबर.

बग्गी तयार झाल्याचा निरोप. गेलो नाही. ऑडिट होतं.

ऑडिट पुढच्या आठवड्यात आहे, पण तयारी लागते.

१२ जानेवारी १९९७.

बघून आलो. तीन चाकं, स्कूटरची. बसायला ट्रॅक्टरची सीट कापून लावलेली. खरंच झालीय. हात लावला तर थंडगार. शेडमध्ये बसून पाय पुढच्या दांड्यावर टेकवले. वीरूचे पाय माझ्यापेक्षा लांब होते. त्याच्या मापाची झाली असती तर माझे पाय पुरले नसते, ही माझ्या मापाची आहे. म्हणजे यात तो बसणारच नाही. हे मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं.

बिराप्पाला सांगितलं, रंग फौजी हिरवा पाहिजे. हा जरा पोपटी वाटतोय. परत रंगव.

२६ जानेवारी.

रंग दुसऱ्यांदा झाला. फिका वाटतोय म्हणालो. बिराप्पा आवाज चढवून म्हणाला, सायेब, उसाचा हंगाम हाय, माजी जागा अडलीया, गाडी न्या न्हाईतर भंगारात घालतो. मग मात्र हळू आवाजात म्हणाला, तुमाला ती न्यायचीच न्हाई, खरं ना?

गैरसमज. मी रविवार २३ फेब्रुवारी ही तारीख देऊन टाकली. लेखी.

२२ फेब्रुवारी. पहाटे.

टाकी वाजली. एक-दो, एक-दो. चहा नेला. वीरूला सांगितलं, उद्या बघ आता. आज जरा जास्त वेळ बसलो. ऑफिसला लेट मार्क.

वजन ८७.

२३ फेब्रुवारी, रविवार. रात्री, साताऱ्याहून परत आल्यावर.

वस्तुनिष्ठपणे लिहितो.

बिराप्पाचा टेम्पो. पुढं मी, आई आणि तो. आईनं हट्टच धरला, मी येणार. मागं बग्गी. साताऱ्याहून ठोसेघरच्या वरच्या पठारावर पोचलो तेव्हा साडेअकरा. सगळीकडं जांभा दगड आणि वाळलं गवत, नजर जाईल तिथपर्यंत माणूस नाही. वारा असा की आईचा पदर डोक्यावर ठरेना. वीरूला आवडलं असतं. मी तसं म्हणालो तर आई म्हणाली, त्येला म्हाईत हुतं हे, भरतीच्या वक्ताला हितंच पळायला यायचा. मला माहीत नव्हतं.

बिराप्पानं विचारलं, पिन कंच्या भोकात? अरुंद केली तर रेसिंगचा शब्द मोडतो. रुंद केली तर फ्रीस्टाइलचा. मी पिना हातात घेऊन पाऊण तास उभा होतो. शेवटी मधलं भोक. मधलं पाचवं, पण पाइप तिथं जरा वाकला होता, पिन पूर्ण जाईना. अर्धी गेली. चालेल म्हणालो.

बसलो. बिराप्पानं पतंग धरला, सोडला. पतंग फाडकन उघडला, आणि देवाशपथ, कानाशी वीरूचा आवाज आला की दादा, चल. हसत होता. पाठीला त्याचे हात लागले ढकलायला. दोन्ही हात. बग्गी सुटली.

चौदा फूट. बिराप्पानं नंतर पावलांनी मोजलं. चौदाव्या फुटाला पिन उडाली, ॲक्सलचा उजवा अर्धा भाग चाकासकट बाहेर आला आणि आपला आपण स्वतंत्रपणे पुढं निघून गेला. मी उजव्या अंगावर. पतंगानं मला आणखी थोडं करवंदीच्या जाळीपर्यंत नेलं. तिथं तोही फाटला, मीही.

मागं वळून बघितलं, ढकलणारा कोण होता म्हणून. बिराप्पा पुढं होता. आई लांब टेम्पोपाशी.

तांत्रिकदृष्ट्या गिरकी झाली, म्हणजे फ्रीस्टाइल. आणि चाक पळालं ते नक्कीच माझ्या आधी पोचलं, म्हणजे रेसिंग. असं येताना टेम्पोत म्हणून बघितलं. कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही.

शब्द मोडला. पाच दिवस राहिलेत. बिराप्पा म्हणाला, सुटं झालंय, परत जोडता येतंय, पर महिना लागंल.

२७ फेब्रुवारी.

वीरूला उद्देशून अर्ज तयार केला. पाने दोन. विषय: बग्गी चालवण्याच्या कामास एक वर्ष मुदतवाढ मिळणेबाबत. संदर्भ: घाटावरील दि. १९/२/९६ चा शब्द. शेवटी लिहिलंय की तू थांबलास त्याबद्दल आभार, आणखी थोडं थांब. हे वाक्य ऑफिसच्या भाषेत बसत नाही. खोडलं नाही.

कमरेला शेक घेतोय.

२८ फेब्रुवारी १९९७, शुक्रवार. सायंकाळी ५.

वर्षश्राद्ध झालं. गुरुजी गेल्यावर गच्चीत पान ठेवलं, पाहुणे जरा मागं सरले. मी खिशातून अर्ज काढून वाचायला लागलो. हळूच वाचत होतो, पण दुसऱ्या पानावर आई शेजारी येऊन उभी राहिली. कुणाला वाचून दाखवतोयस म्हणाली. मी म्हटलं, वीरूला. तो माझ्या शब्दावर थांबलाय ना गेल्या वर्षीपासनं. त्याला सांगायला नको?

आईनं कागद हातातून घेतला. घडी घातली. म्हणाली, तुझ्या शब्दावर न्हाई रं थांबला कोण. त्या दिशी घाटावर तू वरडत हुतास तवा मी त्येला सांगत हुते. म्हटलं, बाळा, तू जा. दादाची वाट बघत थांबू नगंस. त्येच्याच्यानं काय व्हायचं न्हाई, मी वळकती त्येला. येवढं म्हटलं आन शिवला कावळा. तवाच गेला त्यो.

मामा होते, चुलते होते, बिराप्पासुद्धा जेवायला आला होता. चारचौघांत आईनं हे बोलायला नको होतं. माझ्याबद्दलचं तिचं मत एकतर्फी आहे, हे नोंदवून ठेवतो.

मग हळूहळू लक्षात आलं. वीरू त्या दिवशी सकाळी साडेदहालाच गेला. मी ज्याच्याशी वर्षभर बोललो, भांडलो, ज्याची मर्जी सांभाळली, तिथं कुणीच नव्हतं. मी एकटाच होतो.

आईला म्हटलं, मग मला सांगायचं होतंस एकदा तरी. ती म्हणाली, तुला बरं वाटत हुतं, म्हणून ऱ्हाऊ दिलं.

तिथंच खाली बसलो आणि रडलो. वीरू गेल्यापासून पहिल्यांदा. तेही धड जमलं नाही, मध्येच उचकी लागली, थांबेना. आई तांब्याभर पाणी घेऊन आली, पाठीवरून हात फिरवत राहिली. एरवी घरात कुणाला उचकी लागली की ती हटकून म्हणते, कुणीतरी आठवण काढतंय बघ. आज तसं म्हणाली नाही.